काहीतरी छान सुचवा ना

शनिवारी संध्याकाळी सहाच्या पुढे आमच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी गर्दी होते. बरेचसे लोक मंडईतून घरी जाता जाता शिरलेले असतात. पिशवीतून आधी मेथीची जुडी निघते, मग कोथिंबीर, आणि सगळ्यात खालून पुस्तक. त्याला चिकटलेली पानं झटकत माणूस म्हणतो, "काहीतरी छान सुचवा ना."

पश्चिम उपनगरातल्या या लहानशा वाचनालयात हे वाक्य मी पंधरा वर्षं ऐकते आहे. पहिली दोन-तीन वर्षं मी फार वाईट सुचवायचे. मला स्वतःला जे आवडलं असेल ते पुस्तक मोठ्या उत्साहाने समोरच्याच्या हातात कोंबायचे. पुढच्या शनिवारी ते परत यायचं आणि आत सतराव्या-अठराव्या पानात बेस्टचं तिकीट खूण म्हणून तसंच राहिलेलं असायचं. पुस्तकाबद्दल विचारलं की माणूस नजर चुकवायचा. "वेळच नाही मिळाला हो." वेळ मिळाला नव्हता असं नाही. पुस्तक त्याचं नव्हतं.

ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात शि. रा. रंगनाथन यांची पाच सूत्रं शिकवतात. १९३१ साली मांडलेली. दुसरं सूत्र, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. परीक्षेत पाच गुणांसाठी मी ती धडाधड लिहिली होती. त्यातल्या 'त्याचं' या शब्दावर सगळा खेळ आहे, हे ती तिकिटं पाहून पाहून डोक्यात शिरलं.

तुम्ही वाचनालयात नसाल, पण ऑफिसात, डब्यात, सोसायटीत 'हिला विचारा, ही खूप वाचते' असं तुमच्याबद्दल म्हटलं जात असेल, तर पुढचं तुमच्यासाठी.

आधी विचारा, आणि नीट विचारा

"तुम्हाला काय आवडतं?" हा प्रश्न मी कधीच सोडून दिला. त्याला लोक परीक्षेतल्यासारखं उत्तर देतात. 'मृत्युंजय', 'ययाति', 'स्वामी'. तिन्ही वाचलेली असतीलच असं नाही, पण सांगायला बरी वाटतात. त्याऐवजी विचारा, "अलीकडे कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंत?" इथे माणूस खरं बोलतो. "ते जाडजूड होतं, त्यात नुसती वर्णनं", "बोलीभाषा कळेना", "सगळी माणसं मरतच होती". अशा एका वाक्यात निम्मं कपाट बाद होतं आणि तुमचं काम सोपं होतं.

दुसरा प्रश्न, वाचता कधी आणि कुठे? मुंबईत हा प्रश्न आवडीनिवडीइतकाच मोठा आहे. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या बाईला खिडकी मिळते की चौथी सीट, यावर तिने काय वाचावं ते ठरतं. चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर असतं. एका हाताने वरची कडी, दुसऱ्या हातात पुस्तक. सातशे पानांची कादंबरी तिथे उघडीसुद्धा राहत नाही. पान उलटायला अंगठा पुरतो का, हे मी आता पुस्तक हातात धरून बघते. आमच्या एक नर्सबाई आहेत, रात्रपाळीच्या. त्यांना मध्येच उठावं लागतं, म्हणून त्यांना चार-पाच पानांचे ललित लेख लागतात. चाळीस पानांचं प्रकरण त्यांच्या कामाचं नाही. दुपारी जेवणं आटपल्यावर पलंगावर आडवं होऊन वाचणाऱ्या आजींना वजनाने हलकं आणि अक्षराने मोठं हवं. त्यांच्या बाबतीत लेखकाच्या आधी मी छपाई बघते. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांत टाइपाचा आकार वेगळा असू शकतो.

तिसरी गोष्ट विचारायची नसते, ओळखायची असते. मराठीत वाचायचा वेग किती आहे? इंग्रजी माध्यमातून शिकलेली तिशीतली मुलं उत्तम मराठी बोलतात, पण देवनागरीचं पान त्यांना सावकाश सरकतं. जोडाक्षरांपाशी अडखळतात आणि स्वतःलाच लाजतात. त्यांना 'सुरुवात म्हणून' मृत्युंजय देणारे लोक मला भेटले की मी हात जोडते. पुस्तक थोरच आहे. पण जो माणूस पाण्यात पाय घालायला कचरतो आहे, त्याला अलिबागपर्यंत पोहत जा म्हणण्यासारखं ते होतं. अशांना मी मिलिंद बोकिलांचं 'शाळा' देते. २००४ सालचं पुस्तक, नववीतल्या मुलांचं जग, भाषा पोरांच्या तोंडातली. पहिल्या वीस पानांत अडखळणं बंद होतं.

एक वही करा

वाचलेलं सगळं लक्षात राहतं हा गैरसमज आहे. कथानक राहतं. सुचवायला जे लागतं ते नेमकं निसटतं. माझ्याकडे शंभर पानी वही आहे, आता तिसरी चालू आहे. त्यातली एक नोंद जशीच्या तशी देते:

'बनगरवाडी. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. बारीक, पिशवीत मावतं. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर. माणदेशी बोली आहे, पण अडत नाही. गोष्ट पळत नाही, चालते. दुष्काळ, शेवट जड. कुणाला: जाड पुस्तकाला घाबरणारे, नुकते नोकरीला लागलेले शिक्षक, गाव सुटलेले. कुणाला नको: पुढे काय होतं म्हणून वाचणारे.'

या नोंदीत 'अप्रतिम', 'हृदयस्पर्शी' वगैरे काहीच नाही. ते शब्द सहा महिन्यांनी मलाच काही सांगत नाहीत. सगळ्यात उपयोगी पडतं ते शेवटचं, 'कुणाला नको'. ते लिहिताना आपल्याला लाडकं पुस्तकही जरा लांबून बघावं लागतं. उद्धव शेळक्यांच्या 'धग'पुढे मी लिहिलं आहे: 'वऱ्हाडी संवाद. मुंबईत वाढलेल्याला पहिली पंधरा पानं कष्टाची. मोठ्याने वाचलं की सुटतं.' ही कादंबरी देताना मी ते सांगतेच. मोठ्याने वाचायची युक्ती मला आमच्याच एका वाचकाने सांगितली. त्यांची आई अकोल्याची, तिला ते वाचून दाखवत होते.

नोंद पुस्तक संपल्यावर दोन दिवसांत करा. शेवटाची झिंग उतरलेली असते आणि तपशील अजून गेलेले नसतात. पानं किती, प्रकरणं लहान की मोठी, कोणती बोली, कशामुळे त्रास होऊ शकतो, आणि आपल्याला स्वतःला कुठे कंटाळा आला. हा शेवटचा रकाना लोक गाळतात. मला कंटाळा आलाच नाही, असं पुस्तक माझ्या वहीत एकही नाही.

त्रासाच्या जागा

इथे जरा थांबते, कारण इथे मी स्वतः मार खाल्ला आहे.

कॉलेजात शिकणारी एक मुलगी आली. "काकी, कॉलेजलाइफवर काही आहे का? हॉस्टेल वगैरे?" मी हसत हसत 'कोसला' काढून दिलं. भालचंद्र नेमाड्यांचं, १९६३ चं, खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर, मेस, वसतिगृह, सगळं मागणीबरहुकूम. वर म्हटलंही, "खूप हसशील." तीन दिवसांनी ती पुस्तक घेऊन आली. टेबलावर ठेवलं आणि हळूच म्हणाली, "काकी, यातली मनी जाते ते आधी सांगायला हवं होतंत." तिची धाकटी बहीण गेल्याला सहा महिनेही झाले नव्हते. मला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण मनीचं मरण त्या पुस्तकात कुठे कोपऱ्यात नाही, अगदी मध्यावर आहे. ते विसरून मी त्याला हसण्याचं पुस्तक म्हणाले, ही चूक माझी.

तेव्हापासून वहीत एक रकाना वाढला: मरण, आजार, मूल गमावणं, मारहाण, आत्महत्या, दारू. सुचवताना मी त्यातलं एखादं सहज सांगून टाकते, "यात घरातलं एक मरण आहे बरं का, चालेल ना?" कुणाचं, कधी, कसं ते सांगत नाही. कधी कधी माणूस नेमकं तेच मागतो. पत्नी गेल्यावर दोन महिन्यांनी आलेले एक काका म्हणाले होते, "हलकंफुलकं नको, खोटं वाटतं." म्हणून आपणच ठरवून टाकायचं नाही. सांगायचं आणि निवड त्यांच्यावर सोडायची.

रहस्य फुटेल या भीतीने लोक हे सांगत नाहीत. मी पाळते तो नियम सोपा आहे: पहिल्या वीसेक पानांत जे वाचकाला कळणारच आहे तेवढं कथानक सांगावं, आणि त्यापुढचं फक्त दुखणारं असेल तर नुसता इशारा.

एकच द्या

दहा पुस्तकांची यादी देणं म्हणजे काहीच न देणं. यादी घेतलेला माणूस फोनमध्ये तिचा फोटो काढतो आणि तो फोटो गणपतीच्या आरतीच्या आणि मुलाच्या गृहपाठाच्या फोटोंखाली गाडला जातो. वाचकाचा वेळ वाचवा, हे रंगनाथनांचं चौथं सूत्र इथे लागू पडतं. निवड करायचं कष्टाचं काम तुम्ही करा. एक पुस्तक पुढे करा. मनात एक राखीव ठेवा, आणि पहिल्याला नकार आला तरच ते काढा. दोन्ही एका वळणाची नकोत. पहिली कादंबरी असेल तर दुसरं आत्मचरित्र किंवा लेखसंग्रह.

यादी मागणाऱ्यांचा एक वर्ग मात्र खरा असतो: ज्यांना एका विषयाच्या मागे जायचं आहे. त्यांना यादीपेक्षा जिना द्यावा. एक पायरी चढली की पुढची. मुंबईत नव्याने आलेले लोक मला विचारतात, "या शहरावर मराठीत काय आहे?" त्यांच्यासाठी माझा जिना असा.

पहिली पायरी, 'बटाट्याची चाळ', १९५८. पण अथपासून इतिपर्यंत वाचायला सांगत नाही. 'उपास' आधी वाचा म्हणते, वजन उतरवायला निघालेल्या माणसाची फजिती. नंतर मधलं हवं तसं, आणि 'एक चिंतन' मुद्दाम शेवटी. हसत हसत आलेला माणूस तिथे गप्प होतो, आणि पुढच्या पायरीला तयार होतो. पुढे मधु मंगेश कर्णिकांचं 'माहीमची खाडी', १९६९. चाळीतल्या माणसाला निदान खोली होती, इथे खाडीकाठची झोपडी आहे. त्याच्या थोडं आधीची, १९६३ ची, जयवंत दळवींची 'चक्र' जवळच्याच वस्तीची वाटते, पण अंगावर जास्त येते. दोन्ही एकापाठोपाठ देऊ नका, वाचकाला दम लागतो. एकच द्या, आणि मध्ये एखादा हलका आठवडा जाऊ द्या.

मग दया पवारांचं 'बलुतं'. १९७८ साली ग्रंथालीने काढलेलं. गावातला महारवाडा आणि मुंबईतली कावाखान्याची वस्ती, दोन्ही त्यात आहेत. हे देताना मी कधीही "दलित आत्मचरित्र आहे" एवढ्यावर थांबत नाही. तसं सांगितलं की काही जण कर्तव्य म्हणून नेतात आणि काही जण त्याच कारणाने ठेवून देतात. दोघांनाही पुस्तक भेटत नाही. मी सांगते, "एक माणूस स्वतःच्याच दुसऱ्या रूपाला भेटतो आणि ते रूप त्याला सगळं सांगत बसतं. अशी सुरुवात आहे." एवढं ऐकलं की हात आपोआप पुढे होतो.

ज्यांना मंत्रालय, वर्तमानपत्रं आणि संप यांत रस आहे ते अरुण साधूंकडे वळतात. 'मुंबई दिनांक' १९७२, 'सिंहासन' १९७७. सिनेमा पाहिलेले लोक 'सिंहासन' मागतात. त्यांना मी सांगते, सिनेमात दोन्ही कादंबऱ्या आहेत, तेव्हा 'मुंबई दिनांक' आधी न्या. नाक्यावरच्या पोरांची भाषा सोसणार असेल तर भाऊ पाध्यांचं 'वासूनाका', १९६५ चं. त्या वेळी अश्लीलतेवरून त्यावर बराच गदारोळ झाला होता. किरण नगरकरांचं 'सात सक्कं त्रेचाळीस', १९७४ चं, मी अगदी वरच्या पायरीवर ठेवते. तुकड्यातुकड्यांत लिहिलेलं आहे, सवय नसलेला माणूस चिडतो. आणि ज्यांना जुन्या वाड्या-वस्त्या, देवळं, बाजार, तळी यांचीच ओढ आहे, त्यांना सरळ १८६३ सालचं गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन'. भाषा जुनी आहे. ते ओळीने वाचायचं नसतं, आपल्या भागाचं नाव शोधून तिथून सुरू करायचं.

सांगायचं कसं

तीन वाक्यं पुरतात. पहिल्यात पुस्तकात काय आहे. दुसऱ्यात ते तुलाच का. तिसऱ्यात कुठे जड जाईल. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'बद्दल मी पूर्वी म्हणायचे, "काय कादंबरी आहे! मराठीत मैलाचा दगड! वाचायलाच हवी!" दगड म्हटल्यावर कोण उचलणार? आता म्हणते, "महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून बाहेर पडलेली एक ज्यू मुलगी आणि परत येणारा एक मराठी माणूस. तुम्हाला मोठ्या कादंबऱ्यांत पसारा आवडत नाही म्हणालात, ही एवढीशीच आहे, १९३९ ची. नायक सुरुवातीला तुसडा वाटेल, तेवढं सोसा." नव्वद टक्के लोक नेतात, असं काही मी मोजलेलं नाही. पण कपाटातली प्रत सहसा जागेवर नसते.

'वाचायलाच हवं' हे शब्द जिभेवर आले की गिळा. ते ऐकलं की पुस्तकाचा अभ्यास होतो. 'हे नाही वाचलं?' हा तर त्याहून वाईट. त्यात कमीपणा आहे, आणि कमीपणा वाटलेला माणूस पुन्हा तुम्हाला विचारत नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर सुचवायचं असेल तर पुस्तकांच्या ढिगाचा फोटो टाकू नका. त्यावर पाच अंगठे येतात आणि विषय संपतो. नावं नीट लिहा: पुस्तक, लेखक, प्रकाशक. भाषांतर असेल तर भाषांतरकारही. एकाच परदेशी कादंबरीची मराठीत दोन-तीन भाषांतरं असतात आणि त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. 'पाडस' सांगाल तर राम पटवर्धनांचं सांगा, 'चौघीजणी' सांगाल तर शांता शेळक्यांचं. आमच्या इमारतीत मी टाकलेला एक मजकूर असा होता: 'पाडस. अनुवाद राम पटवर्धन. जंगलाकाठी राहणारा मुलगा आणि त्याने पाळलेलं हरणाचं पिल्लू. मोठ्यांचं पुस्तक आहे, मुलांना देण्याआधी स्वतः वाचा, शेवट कठीण आहे. माझ्याकडे प्रत आहे, बी विंग, पहिला मजला. पावसात प्लास्टिकची पिशवी आणा.' तीन दिवसांत चार जणी आल्या. त्यांतल्या दोघी पिशवी विसरल्या.

मुलांना, आणि मराठी न येणाऱ्यांना

मुलाचं पुस्तक आईला विचारून ठरवू नका. आई 'संस्कार' मागते, पोराला भानगड हवी असते. मुलाकडे वळून विचारा, "तुला पळापळी आवडते की भुतं की गंमत?" पळापळी असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही चालतो. फुरसुंगीचा बनेश फेणे आणि त्याचं 'टॉक्क'. गंमत असेल तर दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे. ज्याला पुस्तक म्हटलं की झोप येते, त्याला पुस्तक देऊच नका, मासिक द्या. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं आहे आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. दोन पानांची गोष्ट, मग कोडं, मग चित्र. अशा वाटेने पोरं पुस्तकापर्यंत येतात.

मुंबईत शेजारी गुजराती, तमिळ, मल्याळी असतोच, आणि तो कधीतरी विचारतो, "तुमच्यात काय चांगलं आहे?" तेव्हा आपण तोंडात बोट घालून उभे राहतो. दोन-तीन इंग्रजी अनुवाद ध्यानात ठेवा. 'बलुतं'चा जेरी पिंटोंनी केलेला २०१५ चा, लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा शांता गोखल्यांनी केलेला २०१७ चा, आणि सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'चा, तोही पिंटोंचा. 'स्मृतिचित्रे' मराठी वाचकाला देतानासुद्धा विचारा, पूर्ण हवं की संक्षिप्त? दोन्ही मिळतात, आणि संक्षिप्त वाचून "झालं वाचून" म्हणणारे खूप आहेत.

मिळणार कुठे, तेही सांगा

पुस्तक सुचवलं आणि ते मिळालंच नाही, तर सुचवणं वाया. मराठीत आवृत्ती संपली की पुढची कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून नाव सांगायच्या आधी एकदा बघून घ्या. नवं हवं असेल तर दादर पश्चिमेला आयडियल आहे. तिथे फोन करून विचारलं तरी चालतं. उसनं हवं असेल तर जवळचं सार्वजनिक वाचनालय. पार्ल्याच्या लोकांना लोकमान्य सेवा संघाचं ग्रंथालय आहे. जुनं, दुर्मिळ, बाजारात नसलेलं असेल तर नायगावला, दादर पूर्वेला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. १८९८ पासूनची संस्था. तिथल्या संदर्भ विभागात बसून वाचता येतं. फोनवर ऐकणाऱ्यांना ऐकायची पुस्तकं सांगा. डोळे दुखणाऱ्या आजोबांना मी संकोच न करता तेच सुचवते.

फाउंटनचा फूटपाथ आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते यांच्याकडे इंग्रजी ढिगाने असतं, मराठी नशिबाने. तिथे पाठवत असाल तर एक सांगून ठेवा: पैसे देण्याआधी पानांचे क्रमांक सलग आहेत का ते बघा. पुस्तकं सहसा सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत शिवलेली असतात, आणि जुन्या प्रतींतून एखादा फर्मा अख्खाच गळालेला असतो. मी स्वतः तिथून एक रहस्यकथा आणली होती. खून एकशे बारा पानावर, आणि पुढचं पान एकशे एकोणतीस. खुनी सापडला, पण कसा सापडला ते आजपर्यंत कळलं नाही.

स्वतःची प्रत द्यायची की नाही, हा वेगळा प्रश्न. माझं मत, जी परत आली नाही तर चालणार नाही ती देऊच नका. "नाही, ही मी देत नाही" असं तोंडावर सांगता येतं, कुणी रागावत नाही. देताना वहीत नाव आणि तारीख लिहा, तीही समोर लिहा. नुसतं लिहिताना बघितलं तरी पुस्तकं परत यायचं प्रमाण वाढतं. पावसाळ्यात कव्हर घालून द्या. भिजलेलं पुस्तक पंख्याखाली वाळवलं की पानं पापडासारखी होतात आणि मग पुस्तक मिटतच नाही.

नंतर काय

"वाचलंस का?" हे विचारू नका. हा वसुलीचा प्रश्न आहे. माणूस तुम्हाला टाळायला लागतो, जिना उतरताना तुमची चाहूल लागली तर लिफ्टने जातो. महिनाभर गप्प बसा. फारच राहवलं नाही तर विचारा, "कुठपर्यंत आलात?" यात अर्धवट सोडल्याचंही उत्तर सामावतं.

परत आलं आणि आवडलं नाही म्हणाले, तर पुस्तकाची वकिली करू नका. मला ही सवय सोडायला फार वर्षं लागली. "अहो, पण तुम्ही शेवटपर्यंत गेलात का? शेवटी तर..." असं सुरू व्हायचं माझं. आता फक्त विचारते, कुठल्या पानापाशी सोडलंत? पान सांगितलं की मी वही उघडते आणि त्या पुस्तकापुढे लिहून ठेवते. 'बनगरवाडी'च्या नोंदीखाली असे चार आकडे आहेत. त्यांतले तीन पहिल्या वीस पानांतले. चौथा आकडा शेवटच्या दोन पानांचा. ते एक निवृत्त मास्तर होते. म्हणाले, "पुढचं वाचवेना. राहू दे तसंच."

त्यांच्या नावापुढे मी पुढच्या वेळचं पुस्तक काय लिहावं, हे अजून ठरलेलं नाही. शनिवारी ते येतील.